नवं काढा, पण जुनं काढून टाकू नका

प्रति,
जुन्या ॲनिमेशन मालिकांच्या नव्या आवृत्त्या काढणारे स्टुडिओ, त्या दाखवणाऱ्या वाहिन्या आणि ओटीटी कंपन्या यांच्या व्यवस्थापनास,

स. न. वि. वि.

पुण्यात सूचना तोंडी सांगण्यापेक्षा लिहून लावायची पद्धत आहे. हे पत्र त्याच जातीचं समजा, लांबी तेवढी जास्त आहे.

जुन्या मालिकेची नवी आवृत्ती जाहीर झाली की पुढचा क्रम आता पाठ झाला आहे. आधी एक चित्र येतं, मग दीड मिनिटाचा ट्रेलर, मग प्रेक्षकांची ओरड, आणि शेवटी तुमच्याकडून एक वाक्य: जुन्या चाहत्यांना बदल पचत नाही. याच सुमारास मूळ मालिका यादीतून गुपचूप नाहीशी होते. राहिलीच तर वरून-खालून कापलेली असते, किंवा तिचा हिंदी आवाज बदललेला असतो. नवी मालिका कशी असावी हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण नव्याच्या आड जुनं झाकायचं, आणि कुणी बोललं की त्याच्या कपाळी ‘नॉस्टॅल्जिया’चा शिक्का मारायचा, हे मुकाट्याने सोसण्यासारखं राहिलेलं नाही.

आमचा यात संबंध काय, असं विचाराल. लिहिणाऱ्यांत ॲनिमेटर आहेत, डबिंगचे संवाद लिहिणारे आहेत, ध्वनिसंकलक आहेत आणि नुसते बघणारेही आहेत. तुमच्या नव्या मालिकांची कामं तुकड्या-तुकड्यांनी भारतातल्या स्टुडिओंत येतात, पुण्यातही येतात: कुठे रिग (पात्र हलवायचा संगणकी सांगाडा), कुठे इन-बिटवीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रं), कुठे कंपोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं). पडद्यावर जे फसलेलं दिसतं ते पुष्कळदा आमच्या टेबलावर आलं तेव्हाच फसलेलं असतं, कारण निर्णय वर झालेला असतो. शिव्या मात्र खालपर्यंत झिरपतात.

पहिली तक्रार अशी की तुम्ही प्रतिक्रिया वाचत नाही, मोजता. इतके खूश, इतके नाराज, संपलं. नाराजी एकाच प्रकारची नसते. २०१८ मध्ये ‘शी-रा’ या जुन्या नायिकेच्या नव्या मालिकेची चित्रं आली तेव्हा गदारोळ झाला तो चेहऱ्यावरून आणि अंगकाठीवरून. मालिका अजून कुणी पाहिलीच नव्हती. पुढे ती पाच सीझन, ५२ भाग चालली, आणि २०२० मध्ये संपेपर्यंत तिला स्वतःचा पक्का प्रेक्षक मिळाला होता. ती नाराजी एका स्थिर चित्रावरची होती, तिचं आयुष्य तेवढंच. २०२१ च्या ‘ही-मॅन’चं प्रकरण निराळं. जाहिरातीत तलवार उंचावलेला ही-मॅन दाखवला आणि पहिल्याच भागाच्या शेवटी ॲडमला, म्हणजे ही-मॅनलाच, मारलं. जुलैत आलेल्या पहिल्या पाच भागांत कथा चालली त्याची सोबतीण टीला हिची. टीलाची कथा सांगायला कुणाची हरकत असणार? हरकत होती ती पाटी एका दुकानाची आणि माल दुसऱ्या दुकानाचा, याला. पुढचे भाग नोव्हेंबरमध्ये आले, तोवर लोकांचं मत घट्ट झालं होतं.

तिसरा प्रकार जुन्या थकबाकीचा. ‘थंडरकॅट्स’ची विनोदी आवृत्ती २०१८ मध्ये जाहीर झाली तेव्हा लोक गोलमटोल चेहऱ्यांवर तुटून पडले, असं वरवर दिसलं. पण २०११ ची गंभीर आवृत्ती २६ भागांवर बंद पडली होती, कथा अर्ध्यात लटकवून. लोक त्या कथेच्या शेवटाची वाट पाहत होते आणि त्यांना मिळाला विनोद. चेहरे कितीही देखणे काढले असते तरी ही थकबाकी वसूल झालीच असती. आणि चौथा प्रकार तर सांगायलाही संकोच वाटतो: २०२३ मध्ये ‘स्कूबी-डू’च्या मंडळींवर ‘वेल्मा’ नावाची मालिका आली, आणि तिच्यात कुत्राच नव्हता.

उलट बाजूही तुमच्याच घरात आहे. १९८७ च्या ‘डकटेल्स’मध्ये डोनाल्ड डकच्या तिन्ही भाच्यांचे आवाज रुसी टेलर या एकाच कलावतीचे होते. तिघं एकसारखेच बोलत, एकमेकांची वाक्यं पुरी करत. २०१७ मध्ये तिघांना तीन नट दिले, तिघांचे स्वभाव वेगळे केले, त्यांच्या मैत्रिणीला, वेबीला, बाहुली धरून बसणाऱ्या मुलीऐवजी सर्वांत धीट केलं. चित्रशैली तर पार बदलली. बदल मोठा होता, तरी लोकांनी डोक्यावर घेतला, कारण प्रत्येक बदलातून जुन्या पात्राचं काहीतरी नवीन हाती लागत होतं. २०२४ च्या ‘एक्स-मेन ९७’ने दुसरी वाट धरली: १९९७ मध्ये ७६ भागांवर गोष्ट थांबली होती तिथूनच पुढे, आणि जुन्यांपैकी कितीतरी आवाज परत. दोन्ही चाललं. तेव्हा ‘लोकांना बदल नको असतो’ हे वाक्य आता बैठकीत कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि ही दोन नावं सांगा.

दुसरी तक्रार चित्राच्या मापाची. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक टीव्ही मालिका ४:३ मापात काढलेल्या आहेत. आजचा टीव्ही १६:९. पडदा कडेपर्यंत भरायचा तर उंचीतून कापावं लागतं. हिशेब सोपा आहे. रुंदी ४ धरा, मूळ उंची ३. त्याच रुंदीला १६:९ साठी उंची उरते २.२५. चित्राचा बरोबर पाव हिस्सा गेला. पात्रं मोठी दिसायला लागतात, त्यामुळे घरी बसलेल्या माणसाला ‘एचडी झालं’ असं वाटतं.

यातून काय हरवतं त्याचा सर्वांत स्वच्छ नमुना ‘द सिम्पसन्स’चा. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा तिथे जुने भाग असेच कापून ठेवले होते. एका भागात डफ बिअरच्या कारखान्यातली फेरी आहे. समोर तीन टाक्या: डफ, डफ लाइट, डफ ड्राय. तीन नावं, तीन माल. आणि वर, चित्राच्या माथ्यावर, तिन्ही टाक्या भरणारा पाइप एकच. सगळा विनोद त्या पाइपात. माथा कापला, पाइप गेला, उरल्या तीन टाक्या. प्रेक्षकांनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवून दाखवली, आणि मे २०२० मध्ये मूळ मापाचा पर्याय आला. म्हणजे तक्रार नेमकी होती आणि ती दुरुस्त करता येत होती. सहा महिने लागले हे सोडा.

कार्टूनमध्ये हे कापणं सिनेमापेक्षा जास्त बोचतं, कारण इथे चौकटीतली एकही वस्तू चुकून आलेली नसते. लेआउट काढणाऱ्याने ती तिथे बसवलेली असते. तळ कापला की पात्रांचे पाय जातात, पाय गेले की वजन जातं, आणि धावणारं पात्र घसरल्यासारखं दिसतं. आणि उंदीर-मांजराच्या मालिकेत तर उंदीर राहतोच चित्राच्या तळाशी.

उपाय फुकट आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर मधोमध १४४० रुंदीचं पूर्ण चित्र ठेवा, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येऊ द्या. काळ्या पट्ट्यांची प्रेक्षकाला चीड येते असं तुम्ही धरून चालता. चीड येत असेल त्याच्यासाठी रिमोटवर झूमचं बटण आहेच. कापलेलं परत चिकटवायचं बटण मात्र कुणाच्याच रिमोटवर नाही.

याच्याच जोडीची गोष्ट ‘सफाई’ची. जुन्या जपानी टीव्ही मालिका पुष्कळशा १६ मिमी फिल्मवर आहेत. फिल्मचे दाणे दिसणारच. ते पुसायला नॉइज रिडक्शन जोरात लावलं की दाण्यांबरोबर पेन्सिलीची बारीक रेघही जाते, पार्श्वभूमीच्या जलरंगातला कागदाचा खरखरीतपणा जातो, आणि वेगाने हलणाऱ्या हाताची अर्धी बोटं विरघळतात. त्यावर एआय अपस्केल (चित्र संगणकाकडून मोठं आणि ठळक करून घेणं) चालवलं तर रेघा मार्करने गिरवल्यासारख्या जाड होतात आणि मागच्या दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली राहत नाहीत. मूळ निगेटिव्ह मिळत असेल तर २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीचा) स्कॅन करा, धूळ आणि ओरखडे हाताने काढा, दाणे राहू द्या. निगेटिव्ह नसेल, टेपच असेल, तर टेप आहे तशी दाखवा.

तिसरी तक्रार हालचालीची, आणि ही आमच्या हातातली म्हणून जास्त सलते. फिल्म सेकंदाला २४ चौकटी चालते. प्रत्येक चौकटीला नवं चित्र काढलं तर ते ‘वन्स’वर, एक चित्र दोन चौकटी धरलं तर ‘टूज’वर, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. जुने कारागीर दोन्ही मिसळत: चालणं टूजवर, झेप वन्सवर, आणि कड्यावरून पुढे गेलेलं मांजर खाली बघतं तेव्हा चित्र चक्क थांबलेलं. तो थांबा दहा-बारा चौकटींचा, जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. तो संपतो आणि मांजर पडतं. हसू थांब्यात असतं, पडण्यात नसतं.

नव्या आवृत्तीत पात्राचा रिग करतात, कळीच्या जागा ठरवतात आणि मधलं सॉफ्टवेअर भरतं. सॉफ्टवेअरला सोडून दिलं तर ते प्रत्येक हालचाल हळू सुरू करतं, हळू संपवतं, मध्ये सगळं एकसारखं वाहतं. थांबा नाहीसा होतो. पात्र पाण्यात चालल्यासारखं दिसतं. प्रेक्षक याला ‘प्लॅस्टिक वाटतं’ म्हणतो. त्याच्याकडे शब्द नसेल, निदान अचूक आहे. औषध कुठल्याही ॲनिमेटरला माहीत आहे: कळीच्या जागा (कीज) ‘स्टेप्ड’, म्हणजे मधलं काही न भरता, ठेवून आधी नुसता वेळ बसवायचा, ॲनिमॅटिकवर (कच्च्या चित्रांच्या चालत्या आराखड्यावर) आवाजासकट बघायचा, हालचालीचा वेग ठरवणारे वक्र नंतर द्यायचे, आणि जिथे थांबा हवा तिथे वक्र तोडायचा. याला प्रत्येक शॉटमागे जास्तीचे तास लागतात. तुमच्या वेळापत्रकात तेच नसतात. आणि चाललेली गोष्ट अनोखी मुळीच नाही. ‘टॉम अँड जेरी’च्या मूळ दिग्दर्शक जोडीने, हॅना आणि बार्बेरा यांनी, १९४० ते १९५८ मध्ये ११४ लघुपट केल्यावर १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांच्याकडून प्रागमध्ये १३ करून घेतले गेले, अपुऱ्या पैशांत आणि वेगळ्याच चमूकडून. त्यांतल्या तुटक हालचालींवर आणि घुमणाऱ्या आवाजांवर साठ वर्षांनंतरही लोक बोट ठेवतात. माणसं तीच नव्हती, वेळ तोच नव्हता, मापं तीच धरली होती.

आता मुख्य गोष्ट, आवाज.

तुमच्या कागदपत्रांत ‘मूळ मालिका’ म्हणजे इंग्रजी किंवा जपानी. इथल्या प्रेक्षकाची मूळ मालिका म्हणजे डब. हे तुमच्या कराराच्या भाषेत कुठेच बसत नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ ची ‘जंगल बुक’ घ्या. ५२ भाग, १९९३ पासून दूरदर्शनवर हिंदीत. तिचं शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाज यांची. शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा. जपानी फिल्म कितीही स्वच्छ करून आणलीत तरी त्यात हे गाणं नाही आणि हा वाघ नाही. तो भाग भारतात तयार झालेला आहे. तेव्हा कुणी ‘जुनी मोगली द्या’ म्हणतो तेव्हा तो निप्पॉनची निगेटिव्ह मागत नसतो. त्याला निगेटिव्हच्या शेजारी एक आवाजाचा ट्रॅक हवा असतो, आणि असे ट्रॅक कुणाच्याच यादीत धड नोंदलेले नसतात.

‘जुना हिंदी आवाज नव्या चित्राला बसत नाही’ हे उत्तर आम्ही ऐकलेलं आहे. बसत का नाही ते सांगतो, म्हणजे पुन्हा द्यावं लागणार नाही. आपलं जुनं प्रसारण पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चौकटी. फिल्म २४ ची. पुष्कळदा फिल्म सरळ २५ ने पळवून टेपवर घेत. मग २२ मिनिटांचा भाग २१ मिनिटं ७ सेकंदांत संपतो. त्या टेपवर बसवलेला हिंदी आवाज आज २४ च्या स्कॅनवर ठेवला तर दर मिनिटाला जवळजवळ अडीच सेकंदांनी पुढे पळतो, आणि शेवटी फरक ५३ सेकंदांचा होतो. म्हणून घाईत कुणी आवाज चार टक्के संथ करतो. आवाज बसतो, पण पट्टी उतरते: पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या साधारण सात दशांश. शेरखान आजारी वाटतो आणि शीर्षकगीत ज्याच्या कानात आहे त्याला ते पहिल्या ओळीलाच खटकतं. लोक म्हणतात ‘आवाज बदललाय’. तुम्ही म्हणता, बदललेला नाही. दोघंही खरं बोलता.

करायचं काय, तर आधी मोजा. भागाच्या सुरुवातीचा एखादा ठळक आवाज घ्या, दार आपटल्याचा किंवा विजेचा, आणि शेवटचा तसाच दुसरा. दोन्ही प्रतींत त्यांच्यातलं अंतर सेकंदांत मोजा. नव्या प्रतीतलं अंतर जवळपास १.०४ पट निघालं तर टेप पळवलेली आहे. अंतर सारखं निघालं तर टेप फ्रेमरूपांतर करून, म्हणजे वेग न बदलता चौकटींची संख्या बदलून, घेतलेली आहे आणि वेगाला हातच लावायचा नाही. पळवलेली असेल तर पट्टी न बदलता काळ ताणायचा, पण संवाद वेगळे ताणायचे आणि गाणं वेगळं, कारण तालवाद्याचा ठोका ताणला की फाटतो. शक्य तर गाणं न ताणता मूळ वेगातच ठेवा आणि शीर्षकाचं चित्र त्याला जुळवून घ्या. प्रसारणात जाहिरातींसाठी कापलेल्या जागा शोधून ट्रॅक तिथे तोडा आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र बसवा. एका भागाचं हे काम जाणत्या माणसाला अशक्य मुळीच नाही, किचकट आहे.

खरी अडचण ट्रॅक सापडण्याची आहे. जुना डब पुष्कळदा एकाच मोनो ट्रॅकवर मिसळलेला असतो, संवाद आणि संगीत एकत्र. एम अँड ई, म्हणजे संगीत आणि परिणामांचा संवादाविना ट्रॅक, वेगळा ठेवला असेल तर नशीब. मिसळलेल्यातून संवाद उपसणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण मागे पाण्याखालून बोलल्यासारखी घरघर राहते. आणि टेप म्हातारी होते. चुंबकीय फितीवरचा बाइंडर (थर धरून ठेवणारा गोंद) हवेतला ओलावा पितो, चिकट होतो, टेप वाचणाऱ्या हेडवर गाळ धरतो. अशी टेप तपासायला म्हणून सहज लावून बघायची नसते. त्यात ती खरवडली गेली तर दुसरी संधी नाही. आधी जाणत्या माणसाकडून मंद उष्णतेत सुकवून, हेड पुसून, पहिल्याच फेरीत नोंदवून घ्यायची. पुण्याच्या एका पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या वह्यांचं काय होतं ते इथल्या कुणालाही विचारा. अनेक गोदामांत टेपा तशाच खोक्यांत आहेत.

आवाज बदलायचाच झाला तर बदलण्याचीही रीत असते. ‘सामुराय जॅक’मधल्या अकूचा आवाज देणारे माको २००६ मध्ये गेले. २०१७ मध्ये मालिका परत आली तेव्हा ते काम ग्रेग बाल्डविन यांना दिलं, ज्यांनी माकोंचं आणखी एक पात्र आधीच सांभाळलेलं होतं. लोकांनी मान्य केलं. जपानमध्ये ‘डोरेमॉन’चे मुख्य आवाज २००५ मध्ये एकदमच बदलले, नोबुयो ओयामा १९७९ पासून करत होत्या. पण आधी जाहीर करून, एका तारखेला, नवी मालिका म्हणून. उलट २०१६ च्या ‘पॉवरपफ गर्ल्स’मध्ये तिन्ही मुलींचे आवाज बदलले आणि चर्चा कथेची झाली नाही, आवाजांचीच झाली. नुसते आवाज राखूनही भागत नाही हे खरं. ‘टीन टायटन्स गो’मध्ये पाचही आवाज जुनेच होते, बाज बदलला होता, आणि जुने प्रेक्षक चिडले ते चिडलेच. आमचं म्हणणं एवढंच की आवाज बदलताना तुम्ही विचार केला होता की नाही, हे ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

मराठीबद्दल थोडं, कारण थोडंच मिळतं. मराठी ट्रॅक दिला जातो तेव्हा तो बहुधा हिंदी संवादांवरून केलेला असतो, आणि ते लपत नाही. ‘मेरी मदद करो’चं ‘माझी मदत कर’ होतं. मराठीत माणूस म्हणतो ‘मला मदत कर’. ‘सॉरी बोल’ होतं, ‘सॉरी म्हण’ राहतं. सर्वांत गमतीचं म्हणजे हिंदीतलं ‘माँ, आप’ जसंच्या तसं उतरून ‘आई, तुम्ही’ होतं. आठ वर्षांचा मुलगा स्वतःच्या आईशी सासूबाईंशी बोलावं तसं बोलतो, आणि घरातली पोरं हसतात, ते भलत्याच ठिकाणी.

ओठांचंही तसंच. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पात्राचं तोंड मिटतं त्या चौकटीवर यातलं एक अक्षर आलं की डब चिकटतो, नाही आलं की उपरा वाटतो. जपानी मालिकांत तोंडाचे आकार तीनच, उघडं, अर्धं, मिटलेलं, त्यामुळे सूट बरीच असते. अमेरिकन मालिकांत संवाद आधी मुद्रित करून तोंड त्यावर काढलेलं असतं, तिथे सूट कमी. मराठी वाक्य ‘आहे’वर संपतं आणि तोंड उघडं ठेवून जातं. वाक्याच्या शेवटी तोंड मिटत असेल तर ‘इथेच उभा राहा’ लिहून चालत नाही, ‘इथेच थांब’ लिहावं लागतं. हे काम करणाऱ्याला चित्र समोर हवं आणि मूळ संवाद हवेत. त्याला हिंदीची एक्सेल शीट मिळते आणि परवापर्यंतची मुदत.

आमच्याच बाजूच्या लोकांनाही एक सांगणं आहे, याच पत्रात, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. चित्र फसलं म्हणून रिग करणाऱ्या पोरीला किंवा नव्या आवाजाच्या नटाला गाठून शिव्या देणाऱ्यांनी त्या आमच्या नावावर खपवू नयेत. त्यांनी काहीच ठरवलेलं नसतं. आणि ट्रेलर बघून संपूर्ण मालिकेवर निकाल देणाऱ्यांनी वरचं ‘शी-रा’चं उदाहरण पुन्हा वाचावं.

तर मागण्या.

नवी आवृत्ती ज्या दिवशी येते त्या दिवशी मूळ मालिका तिच्या शेजारी असावी, पूर्ण, ४:३ मापात, आणि मूळ माप हाच आपसूक लागणारा पर्याय असावा. हक्क संपत असतील तर संपण्याची तारीख ९० दिवस आधी मालिकेच्या पानावर लिहा. ‘लवकरच’ ही तारीख नव्हे.

जुना हिंदी डब जिवंत असेल तर तो वेगळा ऑडिओ पर्याय म्हणून द्या, वर्षासकट नाव लावून. नवा डब करायचा तर करा, पण जुन्याच्या जागेवर बसवू नका. गाण्याच्या हक्कांवरून अडलं असेल तर तसं लिहा; लोक समजून घेतात, गुपचूप बदललेलं गाणं समजून घेत नाहीत.

भारतीय भाषांतल्या डबची आणि एम अँड ईची एकेक प्रत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करण्याची बोलणी सुरू करा. संग्रहालय इथेच लॉ कॉलेज रस्त्याला आहे, १९६४ पासून. सेल्युलॉइडच्या डब्यांची काळजी कशी घ्यायची हे तिथे माहीत आहे. डबिंगचे ट्रॅक म्हणजे नट, गीतकार, वादक यांचं इथे झालेलं काम आहे, ते परदेशी मालिकेची पुरवणी म्हणून गोदामात कुजू नये. जमा करेपर्यंत निदान खोकी जमिनीवरून उचलून कोरड्या, थंड खोलीत ठेवा, साधारण १८ ते २० अंश आणि आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि टेपा उभ्या ठेवा.

मराठी संवाद मूळ भाषेच्या संहितेवरून लिहून घ्या, लिहिणाऱ्याला चित्र द्या, आणि एका भागाला किमान तीन दिवस द्या. डबिंगच्या कलाकारांची, लेखकाची आणि ध्वनिसंकलकाची नावं शेवटी पाच सेकंद पडद्यावर राहू द्या. सध्या पुढचा भाग आपोआप सुरू होतो आणि नावांची पट्टी त्याच्याखाली जाते. तेवढं थांबवायला एक सेटिंग पुरतं.

किती भाग मंजूर आहेत ते सुरुवातीलाच सांगा. पुढचे मंजूर नसतील तर शेवटच्या भागात कथा मिटवा. आणि जाहिरात त्या मालिकेची करा जी प्रत्यक्षात केली आहे.

यातल्या पहिल्या मागणीला नवं काहीच काढावं लागत नाही, फाइल असते ती लावायची असते. तिथून सुरुवात करा. टेपांच्या कामात हात हवे असतील तर पुण्यात ते जाणणारी माणसं आहेत, आणि आमच्यापैकी दोघा-तिघांनी वर लिहिलेली मोजणी आपापल्या संगणकांवर करून ठेवलेली आहे. जुन्या प्रती पाठवा, दुसऱ्या दिवशी आकडे देऊ.

आपले,
पुण्यातले काही ॲनिमेटर, डबिंग लेखक, ध्वनिसंकलक आणि प्रेक्षक